कटच्या आकड्याखालची बारीक अक्षरं

प्रिय पोरा,

तुझा मेसेज वाचला. 100 मीटर बॅकस्ट्रोकचा ऑलिम्पिकचा कट, म्हणजे पात्रतेसाठी गाठावी लागणारी वेळ, 0.31 सेकंदांनी हुकला आणि तू लगेच विचारतोयस, ‘म्हणजे मी त्या लेव्हलचा नाहीच ना सर?’ तसं काही नाही. पण म्हणून तुझी पाठ थोपटायलाही मी बसलेलो नाही. आकड्यापाशीच अडकलायस, त्याच्या भोवतीचं काहीच वाचलेलं नाहीस.

कट असतो कशासाठी? लेन आठ किंवा दहा, दिवस मोजके, आणि सकाळच्या सत्रात बसतील तेवढ्याच हीट्स, म्हणजे प्राथमिक फेऱ्या. पॅरिस ऑलिम्पिकला तलावातल्या शर्यतींसाठी एकूण 852 जागा होत्या. त्यात जगभरातले पोहणारे बसवायचे तर कुठेतरी रेघ ओढावी लागते. ती ओढली जाते संयोजकांच्या सोयीसाठी, तुझी लायकी ठरवायला नव्हे. रेघाही दोन असतात. वरची ऑलिम्पिक पात्रता वेळ. ती गाठणारे एका देशाचे जास्तीत जास्त दोन जण एका शर्यतीत उतरतात. खालची ‘विचाराधीन’ वेळ, पॅरिससाठी वरच्यापेक्षा फक्त अर्धा टक्का सैल. ती गाठली तरी जागा उरल्या तरच बोलावणं येतं. ज्या देशांचं कोणीच पात्र होत नाही त्यांच्यासाठी वेगळी वाट आहे. इक्वेटोरियल गिनीचा एरिक मुसाम्बानी 2000 साली सिडनीला अशाच सवलतीवर आला आणि 100 मीटर फ्रीस्टाइल 1:52.72 इतक्या संथ वेळेत पोहला. लोक अजून हसतात त्याच्यावर. मला ते हसणं कधी आवडलं नाही.

आता मुख्य मुद्दा. ही रेघ जागेवर राहत नाही.

2021 च्या जूनमध्ये रोमला सेत्ते कोली स्पर्धेत साजन प्रकाश 200 मीटर बटरफ्लाय 1:56.38 मध्ये पोहला. टोकियोची पात्रता वेळ होती 1:56.48. म्हणजे दहा शतांश राखून. पात्रतेची मुदत संपायला एकच दिवस उरला होता, आणि थेट पात्रता वेळ गाठणारा तो पहिला भारतीय ठरला. त्याच ठिकाणी आपलाच श्रीहरी नटराज 100 मीटर बॅकस्ट्रोक 53.77 मध्ये पोहला, कट होता 53.85. हे दोन्ही आकडे पॅरिसच्या तक्त्यापुढे ठेवून बघ. बॅकस्ट्रोकचा कट 53.74 झाला. श्रीहरीची तीच वेळ आता तीन शतांशांनी कमी पडली असती. बटरफ्लायचा कट 1:55.78 वर गेला, आणि त्याची सैल रेघसुद्धा 1:56.36. साजनचं ते ऐतिहासिक पोहणं पॅरिसला ‘विचाराधीन’ही ठरलं नसतं, दोन शतांशांनी. पोहणं तेच, तीनच वर्षांत त्याचा अर्थ बदलला. तू आज ज्या आकड्यावरून स्वतःला जोखतोयस तो पुढच्या तक्त्यात असणारच नाही. मग त्यावर रडून काय उपयोग?

त्या 53.77 ची अजून एक गंमत आहे. ती मुख्य शर्यतीत आलेली वेळ नव्हे, टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे फक्त वेळ नोंदवण्यासाठी वेगळं पोहून आलेली. त्यामुळे ती पोहून झाल्यावर आंतरराष्ट्रीय महासंघाची मंजुरी येईपर्यंत वाट बघावी लागली. मंजुरी आली, सगळं गोड झालं. पण तुझ्या बाबतीत मला असली धाकधूक नको. एंट्री पाठवण्याआधी कटखालची बारीक अक्षरं वाचायची. स्पर्धा मान्यताप्राप्त यादीत आहे का? पात्रतेची मुदत कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत? तलाव 50 मीटरचा आहे ना? 25 मीटरच्या तलावात टर्न जास्त, भिंतीला दिलेले धक्के जास्त, म्हणून वेळ चांगली येते आणि ऑलिम्पिकसाठी ती धरत नाहीत. रिलेमध्ये दुसऱ्या ते चौथ्या लेगला आलेली वेळ कुणाला सांगूही नकोस. तिथे स्टार्ट आधीच्या पोहणाऱ्याच्या टचवर असतो, बझरवर नाही. शिवाय प्रत्येक देशाचा महासंघ स्वतःचा वेगळा, कडक निकष लावू शकतो. अमेरिकेत ऑलिम्पिक निवडीच्या ट्रायल्सला एका शर्यतीतून वैयक्तिक प्रकारात दोघंच जातात. तिसरा कट केव्हाच मोडून बसलेला असतो आणि तरी घरी राहतो.

आता तुझे 0.31. कटच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला साधारण एक मीटर 86 सेंटिमीटरने हिशेब केला तर ते होतात जेमतेम 58 सेंटिमीटर. ते हातांच्या ताकदीत शोधू नकोस. तुझा व्हिडिओ मी दोनदा पाहिला. स्टार्टनंतर पंधरा मीटरपर्यंत पाण्याखाली राहायची मुभा आहे, आणि तू दहाच्या आसपास वर येतोस. घाबरून येतोस, दम संपून नाही. टर्नला पोटावर वळल्यावर एक सलग ओढ आणि लगेच कोलांटी. तू वळतोस आणि क्षणभर तरंगतोस. यात वेळ जातोच, पण कडक पंच असेल तर बादही करेल. शेवटी भिंतीपासून पाच मीटरवर पाण्याच्या वर टांगलेले, भिंत जवळ आल्याची खूण देणारे झेंडे. झेंड्यांपासून भिंतीपर्यंत तुझे किती स्ट्रोक होतात, सांग बरं. माहीत नसणार, कारण तू मान वळवून भिंत शोधतोस. सकाळी ताजा असताना मोज, आणि सेटच्या शेवटी दमल्यावर पुन्हा मोज. दोन आकडे वेगळे येतील. शर्यतीत दुसराच कामाचा.

शतांशांवर एवढं काटेकोर का राहायचं, आणि सहस्रांश का नाही, असं तू मागे विचारलं होतंस. 1972 ला म्युनिकमध्ये 400 मीटर मेडलेत (चारही प्रकार एकाच शर्यतीत) स्वीडनच्या गुनार लार्सननं टिम मॅकीला 0.002 सेकंदांनी हरवलं. पुढे ते बंद झालं. 50 मीटरच्या तलावाची लांबी नियमानुसारच थोडी जास्त चालते, मग दोन-चार मिलिमीटरवरून निकाल कसा लावायचा? म्हणून शतांश सारखे आले की दोघं बरोबरीत.

पुढच्या चार स्पर्धांना चारही वेळा टेपर करायचा विचार मनातून काढून टाक. टेपरमध्ये दोन-तीन आठवडे सराव उतरतो. तो सारखा उतरवत राहिलास तर मोसमाच्या शेवटी अंगात काही उरणारच नाही. दोन स्पर्धा निवड, एक मुदतीच्या आत आरामात बसणारी आणि दुसरी राखीव. बाकीच्या सरावातल्या थकव्यासकट पोहायच्या. आणि सकाळची हीट हलक्यात घेऊ नकोस, तिथली वेळही तेवढीच धरतात.

कट मोडला की काम झालं असंही समजू नकोस. रोमनंतर महिन्याभरात टोकियोला श्रीहरी 54.31 पोहला, सत्ताविसावा आला. साजन 1:57.22, चोविसावा. दोघांना मी नावं ठेवत नाही. शेवटच्या आठवड्यात कटसाठी सर्वस्व ओतल्यावर चार आठवड्यांत पुन्हा तितकंच वर चढणं कुणालाही जड जातं. म्हणून म्हणतोय, तुझा प्रयत्न मुदतीच्या शेवटच्या स्पर्धेवर ढकलू नकोस.

स्पर्धांची यादी रविवारपर्यंत पाठव. मागच्या तीन शर्यतींचे 50-50 चे स्प्लिट्स, म्हणजे प्रत्येक 50 मीटरची वेगळी वेळ, आणि झेंड्यांपासूनचे स्ट्रोक्सही त्यात लिही. नुसती फायनल वेळ पाठवलीस तर मी उत्तर देणार नाही.

तुझे,
सर