टेबलाची कड

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. ‘कला-साहित्यातला आधुनिकतावाद म्हणजे जुनं मोडून नवं आणणं’ असं तू लिहिलंयस. परीक्षेत याला मार्क पडतील, पण एखाद्या चित्रासमोर उभा राहिलास की ही व्याख्या हात वर करेल.

फ्रेंच चित्रकार सेझानचं १८९३च्या सुमाराचं सफरचंदांच्या टोपलीचं चित्र शोधून काढ आणि टेबलाची पुढची कड बघ. मधे पांढरं कापड लोंबतंय. त्याच्या डावीकडची कड आणि उजवीकडची कड एका रेषेत येतच नाहीत. बाटलीही कललेली. त्याला सरळ रेघ मारता येत नव्हती म्हणून नव्हे! आपण कुठे डोळा एका जागी खिळवून बघतो? मान वळते, नजर सरकते. त्या सरकलेल्या नजरा त्याने तशाच राहू दिल्या. १९०७ साली पिकासोने एका चित्रात हेच माणसावर केलं: उकिडवी बसलेली बाई, पाठ आपल्याकडे आणि तोंडही आपल्याकडेच.

फ्रॉइडचं नेणिवेतलं मन, आइन्स्टाइनची सापेक्षता, पहिलं महायुद्ध ही कारणं तुला पाठ आहेत, ती पुन्हा सांगत नाही. जग जिथून बघावं अशी भरवशाची एकच जागा उरली नाही, एवढं त्यातून घे.

पण म्हणून सगळी मोडतोडच, असंही नाही. आयरिश लेखक जेम्स जॉइसने १९२२च्या ‘युलिसिस’ कादंबरीत डब्लिनमधला एकच दिवस घेतला, १६ जून १९०४, आणि त्याच्या तळाशी होमरच्या ‘ओडिसी’ या प्राचीन ग्रीक महाकाव्याचा सांगाडा ठेवला. तुझं ‘जुनं मोडून’ इथे अडतं. (मी स्वतः ती कादंबरी चाळिसेक पानांवर मिटून ठेवली होती. दोनदा.) जग विस्कटलंय म्हणूनच या मंडळींना घडणीची भूक फार. ती भूक कलेत शोभली, राजकारणात मात्र काहींना भलतीकडे घेऊन गेली. अमेरिकन कवी एझरा पाउंड दुसऱ्या महायुद्धात रोमच्या रेडिओवरून हुकूमशहा मुसोलिनीची बाजू मांडत होता. त्याच्या कवितेवर प्रेम कर, पण हे झाकू नकोस.

आता व्याख्या नकोत. व्हर्जिनिया वुल्फची १९२५ची ‘मिसेस डॅलोवे’ ही कादंबरी घे, लंडनमधल्या एका दिवसाची. एका माणसाच्या मनातून दुसऱ्याच्या मनात आपण नेमके कुठल्या वाक्यात शिरतो, तिथे पेन्सिलीने खूण कर. पहिल्या वीस पानांतल्या खुणा मला पाठव. जिथे खूण कुठे करावी तेच कळलं नाही, ती पानं आधी.