गजकर्ण परत परत का येतं?

प्रश्न : माझ्या पतींना जांघेत आणि कमरेभोवती गजकर्ण झालं आहे. मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की चार दिवसांत खाज थांबते, बंद केली की आधीपेक्षा जास्त पसरतं. आता माझ्याही पोटावर चट्टा दिसतोय. रक्त खराब झालंय का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : रक्ताचा इथे काही संबंध नाही. गजकर्ण हा बुरशीचा संसर्ग आहे. ही बुरशी त्वचेच्या वरच्या मृत थरातल्या केराटिन नावाच्या प्रथिनावर जगते आणि बाहेरच्या दिशेने पसरते. म्हणून चट्ट्याची कड लाल, खवलेदार दिसते आणि मधली जागा त्यामानाने स्वच्छ.

ट्यूबवरची नावं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन यांपैकी एखादं असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. त्याने खाज आणि लाली दबते, पण त्वचेची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. जांघेत तर अशा मलमाने कायमचे पांढुरके चरे पडतात. अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम 2018 साली झाला, तरी ती सर्रास मिळतात, हे फार वाईट आहे.

दोघांनी एकाच वेळी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. स्टेरॉइडमुळे चट्ट्याचं रूप बदललेलं असतं, म्हणून खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेणं चांगलं. भारतात सध्या पसरलेल्या बुरशीवर टर्बिनाफिन हे नेहमीचं बुरशीनाशक औषध अनेकदा लागू पडत नाही. त्यामुळे शेजाऱ्याला गुण आलेली गोळी तुम्हाला चालेलच असं नाही. पोटातल्या औषधांआधी यकृताचे विकार, चालू गोळ्या आणि गर्भारपण यांबद्दल जरूर सांगा. पतींची रक्तशर्कराही तपासा.

डॉक्टरांनी दिलेलं बुरशीनाशक मलम लावताना चट्ट्याबाहेर 2 सेंमीपर्यंत लावा, बाहेरून आत. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ओढलेली रेघ, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. चट्टा दिसेनासा झाल्यावरही निदान 2 आठवडे मलम लावत राहा. बहुतेकांचं इथेच बिनसतं. मागे उरलेला काळपट डाग मात्र संसर्ग नव्हे, तो सावकाश जातो.

पतींच्या कमरेला करदोटा असेल तर काढून टाका. तो सतत ओलसर राहतो आणि बुरशी धरून ठेवतो. आतले कपडे सुती आणि सैल, टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. कपडे 60 अंशांच्या गरम पाण्यात धुऊन, उलटे करून उन्हात वाळवा. पावसाळ्यात शिवणींवरून कडक इस्त्री फिरवा. घासणीने अंग रगडू नका. लसूण चोळल्याने त्वचा भाजते, बुरशी जात नाही.

प्रश्न : घरात सगळ्यांना रात्री खाज सुटते, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आहे. हेही गजकर्णच का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ही खरूज वाटते, ती बुरशीने नव्हे, त्वचेत बीळ करणाऱ्या सूक्ष्म किड्याने होते. डॉक्टरांनी दुजोरा दिला तर 5 टक्के परमेथ्रिन मलम मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली आणि बेंबीतही लावायचं, 8 ते 12 तासांनी धुवायचं आणि 7 दिवसांनी पुन्हा तेच. खाज नसलेल्यांसकट घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावलं पाहिजे. तान्ह्या बाळासाठी मात्र आधी डॉक्टरांना विचारा. अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुवा. जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवा. किडे मेल्यावरही खाज 2 ते 4 आठवडे राहू शकते, तेवढ्यावरून मलम पुन्हा पुन्हा लावू नका.