बॅलराटचं सॉव्हरिन हिल : जावं, की नुसता देखावा आहे?

मेलबर्नला आठवडाभर येताय, सोबत आई-बाबा आहेत, आणि जवळच्या बॅलराटमधल्या सॉव्हरिन हिल या खुल्या संग्रहालयासाठी एक दिवस घालवावा का, असं तुम्ही विचारलंय.

देखावा तर आहेच. बॅलराटला १८५१ मध्ये सोनं सापडलं. त्यानंतरच्या दहा वर्षांत गाव जसं होतं तसं नव्यानं उभारून १९७० मध्ये लोकांसाठी खुलं केलं. पण टेकडी खोटी नाही, तिथे पूर्वी खरोखर खाणी चालायच्या. मी तीनदा गेलेय. पहिल्यांदा कंटाळले, कारण अर्धा दिवस मुख्य रस्त्यावरच गेला. घोडागाडी, लाल डगल्यातल्या शिपायांचं संचलन, झगे घातलेल्या बायकांसोबत फोटो, गोळ्यांच्या दुकानाबाहेरची रांग. (रासबेरीच्या गोळ्या मात्र घ्या. समोर करून दाखवतात.)

दुसऱ्यांदा सासऱ्यांना घेऊन गेले, तेव्हा सकाळी गेल्या गेल्या थेट ओढ्यावर गेलो. तिथे लोखंडी थाळी मिळते. फावड्यानं वाळू घ्यायची, थाळी पाण्याखाली धरून हलवायची, मग थोडी कलती करून वरची वाळू धुऊन टाकायची. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड, वाळू जेमतेम अडीच पट, त्यामुळे सोनं तळाशीच बसतं. मी उत्साहानं "सापडलं!" म्हणून ओरडले, तर निघाला अभ्रक. सासरे कोल्हापूरच्या गुजरीजवळ, म्हणजे सराफ बाजाराजवळ वाढलेले. ते म्हणाले, "सावलीत धर बघू. चमक गेली ना? सोन्याचा रंग सावलीतपण जात नाही. अगं, हे तर आपल्या झारेकऱ्यांचं काम की!" सराफांच्या दुकानासमोरची धूळ आणि गटारातला गाळ धुऊन सोन्याचे कण काढणारी माणसं त्यांनी लहानपणापासून पाहिलेली. नंतरचा पाऊण तास ते पाण्यापासून हलले नाहीत. शेवटी मोहरीच्या चतकोराएवढा एक कण मिळाला. कोरडं बोट त्यावर दाबलं की कण चिकटतो, आणि ते बोट पाण्यानं भरलेल्या बाटलीच्या तोंडाशी टेकवलं की आत पडतो. मिळालेलं सोनं तुमचंच.

मग खाणीत उतरा. १८५८ मध्ये इथल्या बेकरी हिलवर सापडलेल्या सुमारे ६९ किलोंच्या 'वेलकम नगेट' या सोन्याच्या ढेकळाची गोष्ट आत दाखवतात. आत अंधार आणि ओल असते, गुडघे दुखत असतील तर आधी चौकशी करा. सोनं वितळवून तीन किलोंच्या आसपासची लगड ओततात, तेही चुकवू नका. आमच्यातला प्रत्येकजण मनातल्या मनात तोळ्यांचा हिशेब करत होता.

बहुतेक लोक चिनी तंबूंच्या वस्तीतून दोन मिनिटांत बाहेर पडतात. तुम्ही थांबा. १८५५ मध्ये व्हिक्टोरिया वसाहतीच्या (बॅलराट हिच्यातच येतं) सरकारनं बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंडांचा कर बसवला. तो चुकवायला जहाजं शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियात रोबच्या किनाऱ्यावर माणसं उतरवू लागली, आणि ती माणसं तिथून चारशेहून अधिक किलोमीटर चालत सोन्याच्या मुलखात आली. परदेशात राहणाऱ्या माझ्यासारखीला त्या तंबूंपुढे जरा वेगळंच वाटतं.

सोनं खणायच्या परवान्याचा जाच गोऱ्या खाणकऱ्यांनाही होता. सोनं मिळो न मिळो, सुरुवातीला महिन्याला तीस शिलिंग भरायचे, शिवाय पोलिसांची झडती. त्यातूनच ३ डिसेंबर १८५४ ला खाणकरी आणि सरकारी सैनिक यांच्यात युरेकाची चकमक झाली. खाणकऱ्यांच्या झेंड्याचा उरलेला भाग गावातच युरेका सेंटरमध्ये आहे. वेळ उरला तर तो बघा.

मेलबर्नच्या सदर्न क्रॉसहून रेल्वेनं दीड तासाच्या आसपास लागतो. सॉव्हरिन हिलचं तिकीट स्वस्त नाही, तेव्हा दहाच्या आत पोचा. कोणत्या दिवशी बंद असतं ते आधी संकेतस्थळावर बघा. बॅलराटची थंडी मेलबर्नपेक्षा बोचरी. आम्ही जुलैत, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात गेलो तेव्हा सासूबाई मोज्यांवर चपला घालून आल्या होत्या आणि ओढ्याकाठच्या चिखलात दोन्ही मोजे भिजले. आईंना बूटच घालायला सांगा, आणि पिशवीत मोज्यांचा एक जास्तीचा जोड टाका.