रोज सकाळी क्रोम म्हणतं ‘कनेक्शन खाजगी नाही’. फॉरमॅट मारू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठ वर्षं जुना डेस्कटॉप, विंडोज १०. सकाळी क्रोम उघडलं की बँक, जीमेल, बातम्या, सगळीकडे ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’. त्याच वायफायवर मोबाइल मात्र मजेत चालतो. आणि दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारा.

नका मारू. आधी स्क्रीनच्या खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय दिसते ते बघा. दिवस-महिना नाही, साल बघा. बहुतेक तेच चुकलेलं असणार.

हे एवढ्या खात्रीने सांगतोय, कारण इथे इंदूरला लोकमान्य नगरात आमच्या काकांकडे महिनाभर हाच घोळ चालला होता. झोपण्याआधी कॉम्प्युटरचं बटण भिंतीवरच्या बोर्डावरूनच बंद करायचं, ही काकांची शिस्त. सकाळी मशीन सुरू केलं की काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी यायच्या. काका त्या न वाचता एफ१ दाबायचे आणि चहा घ्यायला आत जायचे. तारीख-वेळ सेट नाही, एवढंच त्यात लिहिलेलं होतं.

मी गेलो आणि शहाणपणा केला. क्रोमची हिस्ट्री साफ करायला कंट्रोल-शिफ्ट-डिलीट दाबून दिसेल त्या चौकोनात टिक केली. एरर जिथल्या तिथे राहिली, काकांचे साठवलेले पासवर्ड मात्र गेले. पुढचा आठवडाभर रोज फोन. तेव्हापासून कोणी ‘हिस्ट्री साफ करून बघा’ म्हटलं की मला धडकी भरते. करायचंच असेल तर फक्त कॅशवर (साइटींच्या तात्पुरत्या साठवलेल्या फाइलींवर) टिक करा, पासवर्डच्या चौकोनाला हात लावू नका.

खरा रोग काकूंनी पकडला. सोसायटीच्या पत्राचा प्रिंट हातात घेऊन म्हणाल्या, “अहो, यावर २०१५ कसं पडलंय?”

तर गोष्ट अशी. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटकडे एक प्रमाणपत्र असतं आणि त्याला ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट देते ती प्रमाणपत्रं तर सहसा ९० दिवसांचीच. ब्राउझर, म्हणजे इथे क्रोम, ती मुदत तुमच्या कॉम्प्युटरच्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळात २०१५ असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून जन्मालाच आलेलं नाही. मग तो अडवणारच, आणि त्यात त्याचं चुकत नाही. विंडोज इंटरनेटवरून वेळ जुळवते खरी, पण घरच्या मशीनवर फरक १५ तासांहून जास्त असेल तर ती आपणहून हात घालत नाही.

घड्याळ मागे का जातं? डब्याच्या आत मदरबोर्ड नावाची मुख्य सर्किटची पाटी असते, तिच्यावर साधारण रुपयाच्या नाण्याएवढी, सीआर२०३२ नावाची ३ व्होल्टची बटण-बॅटरी असते. वीज पूर्ण बंद असताना घड्याळ तिच्यावर चालतं. आठ वर्षांत ती संपते. म्हणून भिंतीवरच्या बोर्डाचं बटण रात्रभर चालू असेल तर सकाळी सगळं ठीक, बंद केलं की पुन्हा तमाशा. फॉरमॅटने यात काय फरक पडणार?

जेल रोडवर मला बॅटरी ४० रुपयांना मिळाली. वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, बाजूचं झाकण उघडा. बॅटरीच्या कडेला एक बारीक पत्री असते. ती नखाने किंवा पेचकसाने हलकेच बाहेर ढकलली की बॅटरी टुणकन वर येते. नवी बसवताना अधिकचं चिन्ह वर. मग बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर) तारीख घालायची, झालं. लॅपटॉप असेल तर मात्र उघडण्याच्या भानगडीत पडू नका, त्यात ती बऱ्याचदा वायरने जोडलेली असते.

तारीख बरोबर असूनही एरर येत असेल, तर संशय अँटिव्हायरसवर. काही अँटिव्हायरस सुरक्षित साइटी तपासायला मध्ये स्वतःचं प्रमाणपत्र घुसवतात. अँटिव्हायरसच्या सेटिंगमध्ये जाऊन एचटीटीपीएस स्कॅनिंग, म्हणजे हीच तपासणी, तेवढी बंद करून बघा. एकच साइट अडत असेल तर दोष बहुधा त्या साइटचा, दोन दिवस थांबा. आणि काहीही झालं तरी बँकेच्या पानावर ‘तरीही पुढे जा’ दाबू नका.

बॅटरी बदलल्यावर लगेच नीट दिसलं म्हणून खूश होऊ नका. रात्रभर बोर्डावरून बंद ठेवा आणि सकाळी साल बघा. काकांचं सकाळी बरोबर निघालं. त्यांनी सवयीने एफ१ दाबलंच.