लंडन सोडून वर यायचंय? आधी ट्रेन बघा, मग घर

अहो, घरांच्या किमती बघून लगेच हुरळून जाऊ नका, लंडनच्या मानाने इकडे उत्तर इंग्लंडमध्ये सगळंच स्वस्त वाटतं. तुम्हा नवरा-बायकोपैकी कोणाला लंडन ऑफिसला किती वेळा जावं लागणार ते आधी ठरवा. मँचेस्टर किंवा लीड्सहून साधारण सव्वादोन तास, म्हणजे वेळेचा प्रश्न नाही, पण सकाळच्या गर्दीच्या वेळचं तिकीट बघितलंत की डोळे पांढरे होतील.

मुलं सेकंडरीच्या वयाची असतील तर मँचेस्टरला लागून असलेलं ट्रॅफर्ड बघा, त्यातलं ऑल्ट्रिंगम, सेल वगैरे. तिथे अजून ग्रामर स्कूल्स (परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळा) आहेत, म्हणजे त्या प्रवेशपरीक्षेची, इलेव्हन प्लसची, तयारी आलीच आणि घरंही त्याच हिशोबाने महाग. शाळाप्रवेशाच्या फॉर्मची मुदत सेकंडरीला 31 ऑक्टोबर, प्रायमरीला 15 जानेवारी, आणि बऱ्याच शाळांत घर किती जवळ यावर खेळ असतो, त्यामुळे शिफ्टिंगची तारीख यावरूनच मागे मोजत या.

लीड्सला ट्राम नाही, मेट्रो नाही, बसच्या भरवशावर राहायचं. तिथला राउंडहे भाग मस्त आहे, पार्क तर अप्रतिम, पण रेल्वे स्टेशन नाही, हॉर्सफर्थ भागात आहे. शेफील्ड मला स्वतःला सगळ्यात आवडतं, ट्राम आहे, पीक डिस्ट्रिक्ट हे डोंगराळ नॅशनल पार्क अगदी शहराच्या हद्दीत घुसलेलं, फक्त चढ असे की नकाशावर दहा मिनिटांचा दिसणारा रस्ता बाबागाडी ढकलत जाताना घाम काढतो (आईबाबा येणार असतील तर त्यांच्या गुडघ्यांचाही विचार करा बरं का). पहिलं वर्ष भाड्यानेच राहा. आणि बघायला जूनमध्ये येऊ नका, नोव्हेंबरात या, चारलाच अंधार पडतो तेव्हा.