आंतरछेद: बिंदू की आकडा?

निपाणीच्या एका पालकांचा प्रश्न आहे. मुलगी मराठी माध्यमातून एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीला, बसतेय. 'रेषेचा क्ष-आंतरछेद काढा' असं आलं तर उत्तरात बिंदू लिहायचा का नुसता आकडा? आणि शिकवणीचे सर 'अंतःखंड' म्हणतात, ते काही वेगळं असतं का ओ?

वेगळं नाही. छेद म्हणजे कापणं, खंड म्हणजे कापून निघालेला तुकडा. हिंदी पुस्तकांत अंतःखंड रुळलाय, मला आपला आंतरछेद बरा वाटतो. खंड म्हटलं की शेतमालकाला द्यायचा खंडच आधी आठवतो.

आता बिंदू की आकडा? आकडा. खानापूरकडच्या भाताच्या शेताचा कोपरा डोळ्यांपुढे आणा. दोन बांध म्हणजे आलेखाचे दोन अक्ष; ते काटकोनात मिळतात, तो आरंभबिंदू. कोपरा टाळायला कुणीतरी तिरकी पायवाट पाडलेली असतेच, ती आपली रेषा. ती बांध ओलांडते ती जागा म्हणजे छेदनबिंदू, आणि कोपऱ्यापासून तिथवर जितकी पावलं तो आंतरछेद. फरक एवढाच, की आलेखात कोपऱ्याच्या पलीकडची पावलं उणे धरतात.

३क्ष + ४य = २४ घ्या. क्ष-अक्षावर य शून्य, म्हणून क्ष = ८. य-अक्षावर क्ष शून्य, म्हणून य = ६. छेदनबिंदू (८, ०) आणि (०, ६), आंतरछेद ८ आणि ६. पोरं इथं हमखास उलटं करतात: क्ष-आंतरछेद म्हटला की क्षलाच शून्य करून बसतात.

खरी गंमत पुढं आहे. त्याच समीकरणाला २४ ने भागा:

क्ष/८ + य/६ = १

अपूर्णांकाच्या खालच्या आकड्याला आपण काय म्हणतो? छेद! कन्नड शाळेतली पोरंही छेदच म्हणतात. उजवीकडे १ आणला आणि वर नुसते क्ष आणि य उरले, की छेद तेच आंतरछेद. २क्ष − ३य = १२ ला १२ ने भागलं तर क्ष/६ + य/(−४) = १; आंतरछेद ६ आणि −४. मधलं चिन्ह अधिक करून घ्यायला मात्र विसरायचं नाही, नाहीतर −४ चे ४ होतात.

रेषा आरंभबिंदूतूनच जात असेल, उदाहरणार्थ ३क्ष − ४य = ०, तर ही युक्ती चालत नाही; शून्याचा १ करणार कसा? तिथं दोन्ही आंतरछेद ०. आणि य = ५ ही आडवी रेषा क्ष-अक्षाला भेटतच नाही, तेव्हा 'क्ष-आंतरछेद नाही' असं लिहायचं, शून्य नव्हे.