मटण सोडून महिना झाला, तरी वजन वाढतंय. शाकाहाराने तब्येत खरंच सुधारते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय पस्तीस, गाव कोल्हापूरकडचं, नोकरी पुण्यात. रिपोर्टमध्ये एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६८ आलं, डॉक्टर म्हणाले मटण कमी करा, तुम्ही एकदम बंदच केलं. महिन्याभरात वजन दीड किलोने वाढलं, चार वाजले की पोटात कावळे ओरडतात, आणि आता वाटतंय की हे शाकाहाराचं सगळं थोतांड आहे.

थोतांड नाही. पण तुम्ही काय खाताय ते तुम्हीच लिहिलंय की. सकाळी पोहे नाहीतर साबुदाण्याची खिचडी, दुपारी कॅन्टीनमध्ये पनीर आणि नान, संध्याकाळी वडापाव, रात्री बटाट्याची भाजी-पोळी. यात मटण नाही हे कबूल. पण डाळ कुठाय? पालेभाजी कुठाय? साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिनं नावालाही नाहीत. नान मैद्याचा. पनीरमध्ये प्रथिनं असतात, पण सोबत दुधातली चरबीही येते, आणि वरून बटर-क्रीम पडतं ते वेगळंच. एलडीएलच्या हिशेबाने ही चरबी मटणाच्या चरबीची सख्खी बहीण. श्रावण कडक पाळून श्रावणातच वजन वाढवून घेणारे माझ्या ओळखीत चिक्कार आहेत, ते याच वाटेने.

मी कराडकडचा. आमच्याकडे रविवारी मटण शिजलं नाही तर शेजारी चौकशी करतात. माझे आकडेही तुमच्यासारखेच होते, आता बरेच खाली आहेत, त्यामुळे अधिकाराने नाही तरी अनुभवाने सांगतो: ताटातून मटण उठलं की त्या जागेवर कोण बसतं, सगळं त्यावर आहे. तिथे उसळ-डाळ बसली तर फरक पडतो. बटाटा-मैदा बसला तर तुमच्यासारखं होतं.

याचं कारण अगदी साधं आहे. कडधान्यांत प्रथिनं आहेत, त्यामुळे पोट लवकर रिकामं वाटत नाही. शिवाय त्यांत विरघळणारे तंतू असतात. ते आतड्यात पित्तातली आम्लं धरून ठेवतात आणि बाहेर काढतात. मग लिव्हरला नवीन पित्त करायला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. मटणात तंतू अजिबात नसतात, पनीरमध्येही नसतात.

आता तुमची खरी अडचण. तुम्ही लिहिलंय, 'भाज्या गोड लागतात, जेवल्यासारखं वाटत नाही.' माझं मत विचाराल तर आपली जीभ मटणाला जेवढी सोकावलेली असते त्याहून जास्त वाटणाला सोकावलेली असते. मग वाटण का सोडायचं? आमच्या भागात अख्खा मसूर करतात तो याचसाठी मला देवासारखा वाटतो. कृती सांगतो, दोघांना दोन वेळ पुरेल. एक वाटी अख्खा मसूर तासभर भिजवा, विसरलात तर तसाच धुऊन घ्या, चालतो. कुकरला तीन शिट्ट्या. दाणा बोटाने दाबला की फुटायला हवा पण आकार राहायला हवा. पीठ झालं तर ती आमटी झाली, मसूर नव्हे. तोवर एक मोठा कांदा उभा चिरून तव्यावर जवळजवळ कोरडाच भाजा, कडा काळपट होईपर्यंत. त्याच तव्यावर सुक्या खोबऱ्याचे चार काप, सात-आठ लसूण पाकळ्या, आल्याचा तुकडा, चमचाभर तीळ. मूठभर कोथिंबीर घालून बारीक वाटा. कढईत दोन चमचे तेल, जिरं, एक बारीक चिरलेला टोमॅटो, मग वाटण. वाटण कढईला चिकटेनासं झालं की कांदा-लसूण चटणी घाला, गॅस बारीक करून, नाहीतर जळते आणि सगळं घर खोकतं. मसूर, गरम पाणी, मीठ, दहा मिनिटं उकळी. तर्री येणार नाही, कारण तर्री म्हणजे तेलच, आणि तेच तर आपल्याला नकोय. चव मात्र पूर्ण येते. वरून लिंबू पिळाच. मसुरातलं लोह अंगी लागायला लिंबातलं सी जीवनसत्त्व मदत करतं, आणि जेवणावर लगेच चहा प्यायलात तर तो त्यात अडथळा आणतो. चहा तासभराने घ्या.

रात्री केलेला मसूर सकाळी डब्यात न्या. तो मुरल्यावर जास्त चांगला लागतो. कॅन्टीन आपोआप सुटेल.

'प्रथिनं कुठून आणू' असं विचारलंय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार ६५ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ५४ ग्रॅम प्रथिनं लागतात. कोरडा मसूर ५० ग्रॅम घेतला तर १२ ग्रॅम मिळतात. दुसऱ्या वेळी मुठीएवढी तुरीची किंवा मुगाची डाळ, सात ग्रॅम. दोन्ही वेळच्या मिळून चार भाकऱ्या-पोळ्या, वीसच्या आसपास. एक कप दूध, एक वाटी दही, मूठभर शेंगदाणे. झाला हिशेब, डबेवाली प्रोटीन पावडर न घेता. धान्यात लायसिन (प्रथिनांतला एक गरजेचा घटक) कमी असतं आणि डाळीत ते भरपूर असतं, त्यामुळे भाकरी-उसळ ही जोडी एकमेकांची उणीव भरून काढते.

भाकरी येत नाही म्हणालात. ज्वारीचं पीठ ताजं दळून आणा, आठवड्यापुरतंच. जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरा पडतात, मग माणूस स्वतःच्या हाताला दोष देतो. उकळत्या पाण्यात पीठ मळा, सोपं जातं. तरी नाहीच जमली तर पोळी खा, पण चक्कीवरच्या कोंड्यासकट पिठाची.

घाईच्या दिवसासाठी कुळथाची पिठी घरात ठेवा. माझी बायको रत्नागिरीकडची, तिच्यामुळे आमच्याकडे आली. फोडणीत लसूण, मिरची, दोन आमसुलं, पाण्यात कालवलेली पिठी. दहा मिनिटांत पिठलं तयार, सोबत भात आणि एखादी पालेभाजी. पालेभाजीत नुसती मेथी-पालक करू नका. चाकवत, तांदुळजा, माठ, अंबाडी, पावसाळ्यात मंडईत टाकळा येतो, स्वस्तही असतो.

मीठ. हे कोणी बोलत नाही. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, वडापावातली चटणी सगळं आलं. घरी शिजवण्याचा अर्धा फायदा मला इथेच वाटतो. मीठ आणि तेल कुणाच्या हातात आहे हे आपल्याला माहीत असतं. महिन्याच्या किराण्यात तेल किती आणलं ते भागिले घरातली माणसं, एवढा एकच हिशेब करून बघा.

आता एक इशारा, तो मात्र गांभीर्याने घ्या. मटण, मासे, अंडी सगळंच कायमचं सोडणार असाल तर बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. ते डाळी-भाज्यांत नसतं. दूध-दह्यात असतं, पण थोडं. लिव्हरमध्ये काही वर्षं पुरेल इतका साठा असतो, त्यामुळे सोडल्या सोडल्या काही जाणवत नाही. नंतर थकवा येतो, पायांना मुंग्या येतात आणि माणूस भलतीकडेच कारण शोधत बसतो. गोळी लागली तर डॉक्टरांना विचारून घ्या, त्यात कमीपणा नाही. आणि मुळात डॉक्टरांनी 'कमी करा' म्हटलं होतं. आठवड्यातून एकदा बांगडा खाल्लात तर आभाळ कोसळणार नाही, तळलेला नको एवढंच. मी स्वतः गावच्या जत्रेला मटण खातो, पोटभर खातो, आणि दुसऱ्या दिवशी परत मसुरावर येतो.

उसळींनी गॅस होईल, पहिले काही दिवस होतोच. भिजवलेलं पाणी टाकून द्या, मटकी-मूग मोड आणून शिजवा, सुरुवातीला छोटी वाटी घ्या आणि पाणी जास्त प्या. चवळी-राजम्याने एकदम सुरुवात करू नका, मुगाने करा.

रिपोर्ट लगेच काढू नका, दोन-तीन महिने असं जेवून मग काढा. काहींच्या घराण्यातच कोलेस्टेरॉल असतं आणि ते ताटाने पुरेसं उतरत नाही. वडील-काकांपैकी कुणाला कमी वयात हार्टचा त्रास झाला असेल तर ते डॉक्टरांना आजच सांगा, पुढच्या रिपोर्टची वाट बघू नका. औषध सुरू केलं असेल तर ते स्वतःच्या मनाने बंद करू नका.